गर्भ राहिला आहे, पण कुठे?

कळव्याला राहणारी आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी माझ्या परिचयातील एक तरुणी गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या लोकलने ठाण्याला परतत होती. पाळी चुकून दोन आठवडे झाले होते, घरी केलेल्या लघवीच्या तपासणीत दोन रेषा उमटल्या होत्या आणि शनिवारी डॉक्टरांकडे जायचे ठरले होते. तीन दिवसांपासून अधूनमधून डाग दिसत होते आणि ओटीपोटात डावीकडे दुखत होते, पण सुरुवातीला असे होतेच, असे घरातल्या सगळ्यांचे म्हणणे पडले. त्या संध्याकाळी उजव्या खांद्याचे टोक ठणकू लागले. लॅपटॉपची बॅग रोज त्याच खांद्यावर असते, म्हणून तिने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. ठाण्याला उतरून पुलाचा जिना चढताना तिला घेरी आली. रात्री शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिची डावी गर्भनलिका फुटलेली होती आणि पोटात लिटरभराहून अधिक रक्त साठले होते.

खांदा बॅगेमुळे दुखत नव्हता. पोटात साठलेले रक्त वर श्वासपटलापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यापर्यंत, पोहोचले की ते पटल चिडते. त्या पटलाची आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना मानेतील मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचत असल्यामुळे मेंदूला ते दुखणे खांद्याचेच वाटते. गरोदरपणाची शक्यता असलेल्या स्त्रीचा खांदा मार न लागता दुखू लागला आणि सोबत पोटदुखी किंवा चक्कर असेल, तर ती रात्र घरी काढू नये.

गर्भाशयाबाहेर गर्भ रुजण्याच्या या प्रकाराला अस्थानी गर्भधारणा म्हणतात; बोलताना आपण ‘ट्यूबमध्ये गर्भ राहिला’ असे म्हणतो. शंभर गर्भधारणांपैकी साधारण १ ते २ अशा असतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेतच असतात. ही नलिका जेमतेम १० ते १२ सेंटिमीटर लांबीची असते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन मुळात तिच्यातच होते, म्हणजे प्रत्येक गर्भाची सुरुवात तिथलीच. नलिकेच्या आतल्या अस्तरावरील सूक्ष्म केसांच्या लाटा आणि स्नायूंचे हलके आकुंचन त्याला तीन-चार दिवसांत गर्भाशयाकडे सरकवतात. या वाटेत कुठे अडथळा आला, तर रुजण्याची वेळ झालेला गर्भ जिथे असेल तिथेच मुळे धरतो. गर्भाशयाची भिंत जाड असून गर्भाबरोबर वाढते. नलिकेची भिंत पातळ असते, तिच्यात गर्भाच्या पेशी शिरत जातात आणि बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास रक्तवाहिन्या उघड्या पडतात किंवा नलिकाच फाटते. बाहेर दिसणारे डाग थोडे आणि आतला रक्तस्राव मोठा, हे या आजाराचे सर्वांत फसवे लक्षण आहे.

नलिकेतला हा अडथळा बहुतेक वेळा जुन्या जंतुसंसर्गाचा असतो. लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडियासारखा संसर्ग काहीच त्रास न देता नलिका आतून चिकटवून जातो, आणि आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही एक महत्त्वाचे कारण आहे. नलिकेवरील पूर्वीची शस्त्रक्रिया, आधीची अस्थानी गर्भधारणा, धूम्रपान आणि टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार यांमुळेही धोका वाढतो. तांबी बसवलेली किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर मुळात गर्भ राहण्याचीच शक्यता फार कमी होते. पण राहिलाच, तर तो अस्थानी असण्याचा संशय आधी घ्यावा लागतो. ‘ऑपरेशन झालंय, मग पाळी चुकली तरी काय बिघडतं’ हा समज म्हणूनच घातक आहे. शिवाय सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये यातले एकही कारण सापडत नाही. जिना चढल्याने, पाण्याची कळशी उचलल्याने किंवा लोकलच्या गर्दीत धक्के बसल्याने असे होत नाही. सुनेला तसे ऐकवणाऱ्या प्रत्येक घराला हे स्पष्ट सांगायला हवे.

लघवीच्या तपासणीतल्या दोन रेषा गर्भ राहिल्याचे सांगतात, तो कुठे राहिला हे सांगत नाहीत. त्यासाठी योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा एचसीजी या गर्भ राहिल्यावर तयार होणाऱ्या संप्रेरकाची पातळी या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. सुदृढ गर्भधारणेत ही पातळी सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण ४८ तासांत दुपटीच्या जवळ जाते; ती रेंगाळत वाढली आणि गर्भाशय रिकामेच दिसले, तर संशय बळावतो. डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात ते याच कारणासाठी, एकदा केलेली तपासणी फुकट गेली म्हणून नव्हे.

इथे एक धोका मला विशेष कळकळीने सांगावासा वाटतो. सोनोग्राफी न करता मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या गर्भाशयाबाहेरच्या गर्भावर काम करत नाहीत. मात्र गोळ्यांनी अंगावरून रक्त जाते, बाईला सुटल्यासारखे वाटते, आणि नलिकेतला गर्भ तसाच वाढत राहतो. पुढे पोटात दुखले तरी ते गोळ्यांमुळेच असेल म्हणून ती सोसते. गर्भाचे ठिकाण कळण्याआधी या गोळ्या कुणीही घेऊ नयेत.

हा गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येतो का, असे अनेक जोडपी विचारतात. तसे करता येत नाही, आणि हे ऐकणे किती जड जाते याची कल्पना डॉक्टरांनाही असते. १८८३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये लॉसन टेट या शल्यचिकित्सकांनी फुटलेली नलिका काढून एका स्त्रीचा जीव वाचवला. त्याआधी अशी नलिका फुटल्यावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. आज नलिका फुटण्याआधी निदान झाले, तर शस्त्रक्रिया टाळताही येते. मेथोट्रेक्झेट हे औषध फॉलिक आम्लाचे कार्य रोखते, त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबते आणि गर्भ हळूहळू विरतो. या जातीच्या औषधांचा पाया १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत घातला गेला आणि तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा एचसीजी तपासतात. त्या दरम्यान ते किमान १५ टक्क्यांनी उतरले पाहिजे. या काळात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात आणि पुढचा गर्भ साधारण तीन महिने टाळायचा असतो.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही. गर्भाचे ठोके दिसत असतील, पातळी फार चढलेली असेल किंवा रक्तस्राव सुरू झालेला असेल, तर दुर्बिणीची किंवा पोट उघडून शस्त्रक्रियाच करावी लागते. इंजेक्शननंतरही नलिका फुटू शकते, म्हणून घर रुग्णालयापासून किती दूर आहे हेही पाहावे लागते. नौपाड्यात राहणाऱ्या स्त्रीला रात्री दुखू लागले तर ती काही मिनिटांत पोहोचेल. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या स्त्रीला तेवढा वेळ मिळेलच असे नाही, आणि तिच्यासाठी डॉक्टर आधीच शस्त्रक्रिया सुचवत असतील तर त्यात घाई नसते, शहाणपण असते. घेरी येत असेल, घाम फुटून हातपाय गार पडत असतील, तर घोडबंदर रोडच्या गर्दीत रिक्षा शोधत बसण्यापेक्षा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि पाळी चुकल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तेही सांगावे, कारण मग पुढच्या गरोदरपणातील बाळाच्या संरक्षणासाठी अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो.

त्या तरुणीची डावी नलिका काढावी लागली. दुसरी नलिका चांगली असेल तर पुढे नैसर्गिकरीत्या गर्भ राहू शकतो, आणि बहुतेकींना तो राहतोही. मात्र पुन्हा अस्थानी गर्भ राहण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. डिस्चार्ज कार्ड तिने प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवले आहे. पुढच्या वेळी पाळी चुकली की शनिवारची वाट न पाहता ती फाइल घेऊन जायचे आणि सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यायची, असे डॉक्टरांनी तिच्या सासूबाईंसमोर दोनदा सांगितले आहे.