प्रारण तापन, घराच्या नूतनीकरणातील

खोलीची जमीन किंवा भिंत हाच तापक म्हणून वापरण्याच्या पद्धतीला प्रारण तापन म्हणतात. जमिनीच्या वरच्या थरात अथवा भिंतीच्या गिलाव्यात कोमट पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तापतारा बसवून तो सगळा पृष्ठभाग हवेपेक्षा थोडा गरम ठेवतात. त्याची उष्णता मग हवा तापण्याची वाट न पाहता माणसापर्यंत थेट पोहोचते. शरीराला जाणवणारी ऊब हवेइतकीच भोवतालच्या पृष्ठभागांवरही अवलंबून असल्याने अशा खोलीत हवा एक-दोन अंशांनी थंड असली तरी गारठा वाटत नाही. ही कल्पना जुनी आहे. रोमन हायपोकॉस्टमध्ये खांबांवर उचललेल्या जमिनीखालून भट्टीची गरम हवा खेळवत, तर कोरियातील ओंडोलमध्ये चुलीचा धूर दगडी फरशीखालच्या मार्गांतून नेत.

नव्या घरात जमिनीची जाडी आराखड्यातच ठरवता येते. जुन्या घरात मात्र दाराच्या चौकटी, उंबरठे आणि जिन्याची पहिली पायरी आधीच ठरलेली असते, आणि नूतनीकरणातील बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. ३ सेंमी. उष्णतारोधक थर, त्यावर १६ मिमी. व्यासाची नळी आणि नळीवर सिमेंटच्या कोब्याचे ४५ मिमी. आच्छादन धरले, तर फरशी बसवण्याआधीच जमीन ९ सेंमी. वर येते. दारे खालून तासता येतात, पण जिन्याची एकच पायरी इतरांपेक्षा बुटकी झाली की ती कायम ठेच लागण्याची जागा बनते. वजनाचाही हिशेब करावा लागतो. कोब्याच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे दर चौ. मीटरला सुमारे २० किग्रॅ. भार येतो, म्हणजे ६ सेंमी. कोब्याचा भार १२० किग्रॅ. होतो. लाकडी तुळयांवरच्या मजल्यावर तो टाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला अनिवार्य मानावा.

जागा नसेल तेथे तीन मार्ग उरतात. जुना कोबा खणून काढता येतो; तो भक्कम असेल तर त्यातच यंत्राने खाचा पाडून नळ्या बसवता येतात; किंवा खाचा असलेल्या उष्णतारोधक फळ्या, त्यांवर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि नळ्या अशी २ ते ३ सेंमी. जाडीची कोरडी रचना करता येते. खाचांचा मार्ग सोपा दिसतो, पण जुन्या कोब्याखाली उष्णतारोधक थर नसेल तर बरीच उष्णता खालीच जाते, आणि तळमजल्यावर हे नुकसान मोठे असते.

नळ्या ठरवण्याआधी खोलीचा उष्णताऱ्हास, म्हणजे खोलीतून बाहेर निघून जाणारी उष्णता, मोजणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे, आणि घाईत नेमके तेच गाळले जाते. पायांना त्रास होऊ नये म्हणून वावराच्या भागात जमिनीचा पृष्ठभाग २९° से. च्या वर नेत नाहीत. खोली २०° से. ला असताना अशी जमीन दर चौ. मीटरला जास्तीत जास्त १०० वॉट देते. खिडक्यांच्या फटी आणि उघड्या छतातून याहून जास्त उष्णता जात असेल, तर पाणी अधिक तापवून उपयोग नसतो. आधी फटी बुजवणे व छत झाकणे भाग पडते. ऱ्हास कमी झाला की ३०° ते ४०° से. चे पाणी पुरते, आणि इतक्या कमी तापमानावर हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारे विजेचे यंत्र) सर्वांत किफायतशीर चालतो.

नळ्या साधारण १० ते २० सेंमी. अंतरावर, खिडकीलगत अधिक दाट, अंथरतात. १६ मिमी. नळीचा एक परिपथ, म्हणजे पाणी जाऊन परत येण्याचा एक फेरा, १०० मीटरच्या आत ठेवतात आणि सर्व परिपथ एका मॅनिफोल्डला (पाणी वाटणाऱ्या मुख्य जोडनळीला) जोडून प्रत्येकाचा प्रवाह वेगळा जुळवतात. भिंतीच्या कडेने लवचीक पट्टी लावावीच लागते, कारण तापलेला कोबा प्रसरण पावतो. कोबा ओतण्यापूर्वी नळ्यांत दाबाने पाणी भरून चाचणी घेतात आणि ओतताना दाब तसाच ठेवतात. फावड्याचा घाव नळीला लागला तर दाबमापकाचा काटा त्याच क्षणी खाली येतो, आणि तेव्हाची दुरुस्ती काही मिनिटांची असते. सिमेंटचा कोबा २१ दिवस झाल्याशिवाय तापवू नये. त्यानंतर तीन दिवस २५° से. चे पाणी सोडून मग तापमान वाढवतात. वर लादी किंवा दगड सर्वांत योग्य. जाड गालिचा उष्णता अडवून धरतो. जड कोबा तापायला व निवायला काही तास घेतो, म्हणून तो वारंवार चालू-बंद करण्यात बचत फारशी नसते.

भिंतीतील तापनाला जमिनीची उंची लागत नाही, त्यामुळे जुन्या घरात ते अनेकदा अधिक सोयीचे ठरते. भिंतीवर पाय टेकत नसल्याने ती जास्त, सुमारे ३५° ते ४०° से. पर्यंत तापवता येते. बारीक नळ्या पट्ट्यांत अडकवून त्यांवर माती, चुना किंवा जिप्समचा गिलावा करतात. जिप्समला ५०° से. च्या वरचे पाणी चालत नाही. बाहेरच्या भिंतीला आतून उष्णतारोधक लावताना त्यामागे बाष्प साचून ओल धरणार नाही, याची खात्री आधी करावी लागते. अशा भिंतीपुढे कपाट ठेवले की तिची ऊब कपाटालाच मिळते. खिळा ठोकण्यापूर्वी नळ्यांची जागा कळावी म्हणून गिलाव्याआधी मोजपट्टी लावून छायाचित्रे काढून ठेवतात. ती नसतील तर तापन चालू करून भिंतीवर पाणी फवारतात. नळ्यांवरच्या रेषा आधी वाळतात आणि ओल्या भिंतीवर फिकट पट्ट्यांसारख्या दिसतात.

विजेच्या ३ ते ४ मिमी. जाडीच्या तापजाळ्या लादीखालच्या चिकट थरात मावतात, त्यामुळे छोट्या न्हाणीघरासाठी त्या पुरेशा असतात. संपूर्ण घरासाठी मात्र त्यांचा वीजखर्च भारी पडतो. जाळीचा विद्युतरोध अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि लादी बसवल्यानंतर असा तीनदा मोजतात, आणि तिच्या मंडलाला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, जोडतात.