हॅनफर्डच्या ५०४ जादा नळ्या

२६ सप्टेंबर १९४४ च्या रात्री अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या हॅनफर्ड इथे 'बी' अणुभट्टी सुरू झाली. वीज बनवणं हे तिचं काम नव्हतंच. युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन गिळला की दोन बीटा ऱ्हासांनंतर (केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियांनंतर) त्याचं प्लुटोनियम-२३९ होतं, आणि अणुबाँबसाठी तेच हवं होतं. भट्टीची ठरलेली क्षमता होती २५० मेगावॉट. ती ९ मेगावॉटपर्यंत चढली आणि पहाटेपासून मंदावू लागली. न्यूट्रॉन शोषून भट्टीला आवरणारे नियंत्रक दांडे बाहेर ओढत नेले तरी घसरण थांबेना. २७ तारखेच्या संध्याकाळी ती विझलीच. काही तासांनी आपसूक पुन्हा चालण्याजोगी झाली. शक्ती वाढवली, तर पुन्हा तेच.

भट्टी म्हणजे न्यूट्रॉन मंद करणाऱ्या सुमारे १,२०० टन ग्रॅफाइटचा प्रचंड ठोकळा. त्यात अॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या, नळ्यांत अॅल्युमिनियमच्या आवरणात बंद केलेले युरेनियमचे तुकडे आणि त्यांना चाटून वाहणारं नदीचं पाणी. साहजिकच पहिला संशय पाण्यावर गेला. नळी गळून ग्रॅफाइट ओलं झालं असेल, किंवा पाण्यातलं बोरॉन नळ्यांत साचून न्यूट्रॉन खात असेल. पण गळती झाली असती तर भट्टी स्वतःहून सावरली नसती. साचलेलं बोरॉनही आपोआप जात नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी नेमकं हेच वेळापत्रक पकडलं. न्यूट्रॉन खाणारं काही विष हळूहळू तयार होतंय आणि हळूहळूच नाहीसं होतंय, तेही तासांच्या हिशेबात. युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्र फुटण्यातून, आयोडीन-१३५ मिळतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण ६.६ तास. त्याचं होतं झेनॉन-१३५, अर्धायुष्य ९ तासांच्या थोडं वर. हे झेनॉन मंद न्यूट्रॉनचं असं काही खादाड आहे की विखंडनक्षम युरेनियम-२३५ च्या तुलनेत त्याची भूक सुमारे चार हजार पट भरते. म्हणजे इंधनाच्या पोटात चिमूटभर साठलं तरी साखळी प्रक्रिया बंद. भट्टी विझली की नवं आयोडीन थांबतं, असलेलं झेनॉन क्षय पावतं आणि भट्टीला पुन्हा जीव येतो.

मग आधीच्या भट्ट्यांत हे का दिसलं नव्हतं? शिकागोची पहिली भट्टी फार तर काहीशे वॉट देई, ओक रिजची मेगावॉटच्या घरातली. तिथे न्यूट्रॉनचा मारा इतका विरळ होता की झेनॉनचा परिणाम जाणवण्याइतका वाढलाच नाही. आर्गोन प्रयोगशाळेतली जड पाण्याची भट्टी सलग काही तास पूर्ण शक्तीवर चालवल्यावर तिथेही तेच विष सापडलं आणि शंका मिटली. आज बहुतेक अणुवीज केंद्रांत, तारापूरलाही, भट्टी बंद करून पुन्हा चालू करताना झेनॉनचा हिशेब मांडावाच लागतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलला तो हिशेब धुडकावून दांडे ओढले गेले, हेही त्या अपघाताचं एक कारण.

विष ओळखलं, पण ते काढून टाकता येत नाही. उपाय एकच: आणखी इंधन भरून न्यूट्रॉनची जादा शिल्लक ठेवायची. इथे भट्टी बांधणाऱ्या द्यूपाँ कंपनीचे अभियंते कामी आले. भौतिकशास्त्रज्ञांच्या गणिताप्रमाणे १,५०० नळ्या पुरे होत्या. त्या वर्तुळाकार मांडणीत बसत, पण ग्रॅफाइटचा ठोकळा चौकोनी. द्यूपाँच्या जॉर्ज ग्रेव्हज यांनी कोपरेही भरायचा आग्रह धरला, व्हीलर यांनी त्याला दुजोरा दिला, आणि ५०४ नळ्यांची जागा आधीच कोरून ठेवली गेली. शास्त्रज्ञांना ही उधळपट्टी वाटली होती. पण ग्रॅफाइट रचून, जाड कवच बांधून झाल्यावर नवी छिद्रं पाडणं म्हणजे भट्टी मुळापासून पुन्हा बांधण्यासारखं काम होतं. तो वेळ या खबरदारीने वाचला. माझ्या मते हॅनफर्डचं खरं श्रेय भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींइतकंच या कंजूषपणा न करणाऱ्या अभियंत्याला आहे.

डिसेंबरअखेर 'बी' सगळ्या २,००४ नळ्या भरून पुन्हा सुरू झाली. किरणोत्सर्गाने तप्त झालेले तुकडे मागच्या बाजूने पाण्याच्या टाकीत ढकलायचे, थंड होऊ द्यायचे, मग जाड भिंतींआड दूरनियंत्रणाने रासायनिक प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळं काढायचं. एक टन युरेनियममागे ते पाव किलोच्या आसपास मिळे. पहिली खेप फेब्रुवारी १९४५ मध्ये लॉस अॅलामोसला, बाँब बनवणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. १६ जुलैला पहिल्या अणुबाँबच्या ट्रिनिटी चाचणीत हॅनफर्डचंच प्लुटोनियम फुटलं, आणि ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर. सुमारे २१ किलोटन टीएनटीइतका स्फोट. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शहरातली सुमारे ७० हजार माणसं गेली.