दोनांतली एक डिस्क आजारी पडते तेव्हा

नॅसच्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून साठवणाऱ्या पेटीवरचा हिरवा दिवा नारिंगी होतो, पेटी बीप-बीप करू लागते, तरी घरात कुणाचं काही अडत नाही. फोटो उघडतात, स्कॅन केलेले आजोबांचे मोडी कागद दिसतात, फोनमधलं नवं रेकॉर्डिंगही मुकाट जाऊन बसतं. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याने आधी बीप बंद केला आणि मग फोन केला. “अरे, सगळं चालतंय, मग ही ओरडते कशाला?”

चालतंय, कारण पेटीत दोन डिस्क आहेत आणि लिहिलेली प्रत्येक गोष्ट दोन्हींवर जाते. हे रेड-१, म्हणजे मिरर. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, असं मांडणारा निबंध बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली लिहिला. अशा समूहाचं नाव रेड; निबंधातल्या त्याच्या पाच पातळ्यांपैकी ही पहिली. डिस्कची जोडी लावायची पद्धत मात्र त्याआधीचीच.

आजार कळतो तो सेक्टरांवरून, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यांवरून. फिरत्या तबकडीच्या वर काही नॅनोमीटर अंतर राखून हेड तरंगतं आणि बहुधा ४,०९६ बाइटचा एकेक सेक्टर वाचतं. प्रत्येक सेक्टरसोबत चुका दुरुस्त करणारा कोड असतो. तोही पुरेना झाला की सेक्टर प्रलंबित यादीत जातो. पुढे तिथे लिहायची वेळ आली आणि जागा खरंच खराब निघाली, तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर वापरते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालात ५ क्रमांकापुढे असे बदललेले सेक्टर दिसतात, १९७ पुढे प्रलंबित. १९९ चा आकडा वाढत असेल तर डिस्कला बोल लावण्याआधी केबल किंवा ट्रेचा संपर्क पाहावा, कारण तो वाटेत बिघडलेला डेटा मोजतो.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या मुख्य आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. म्हणजे आत्याची पेटी ओरडली, हे तिचं नशीबच.

लोक घाबरतात ते आजारी डिस्कला. मला धास्ती वाटते ती धडधाकट डिस्कची. नवी डिस्क बसवली की रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर सगळा डेटा पुन्हा उतरवणं, सुरू होतो आणि उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने वाचायची म्हटलं तरी साडेसात तास लागतात; मधे कुणी सिनेमा लावला तर आणखी. ही डिस्क बहुतेक वेळा आजारी डिस्कसोबत त्याच दिवशी, त्याच दुकानातून आलेली, तितकीच वापरलेली आणि बडोद्याचे तेवढेच उन्हाळे सोसलेली असते. वर्षानुवर्षं न उघडलेल्या एखाद्या फोटोखालचा सेक्टर खराब असेल, तर ते नेमकं तेव्हाच कळतं, आणि दुसरी प्रत तर आपण काढून ठेवलेली असते.

म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप, मगच स्क्रू-ड्रायव्हर. नवी डिस्क हातात येईपर्यंत आजारी डिस्कही पेटीतच राहू द्यावी. पूर्ण मेली नसेल तर एखादा सेक्टर तीच वाचून देईल.

नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. दुकानदाराला एक प्रश्न मात्र विचारायचाच: सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये डेटाचे गोल पट्टे, म्हणजे ट्रॅक, सुटे असतात; एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक बदलायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि रीबिल्ड लांबत जाऊ शकतो. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्या. वेष्टनावर तसा उल्लेखच नव्हता. त्यामुळे वेष्टनापेक्षा मॉडेल क्रमांक पाहावा.

डिस्क काढताना खण मोजू नयेत. काही यंत्रणा शून्यापासून मोजतात, काही एकापासून. पडद्यावरचा सिरियल नंबर कागदावर उतरवायचा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून पाहायचा. चुकून चांगली डिस्क ओढली, तर सगळा भार आजारी डिस्कवर येतो. चालू पेटीतून डिस्क काढायची सोय नसेल तर पेटी आधी बंद करायची. सोय असली तरी ट्रे थोडा ओढून अर्धा मिनिट थांबलेलं बरं. तबकड्या तोवर फिरत असतात.

आत्याचा पुढचा प्रश्न होता, दोन प्रती असताना तिसरी कशाला? फाइल पुसली की ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते. शिवाय ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी तळमजले बुडाले. टीव्हीखाली ठेवलेल्या पेटीतल्या दोन्ही डिस्क अशा पाण्यात एकत्रच भिजणार. आत्याचा बॅकअप आता नदीपासून लांब, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीकडे असतो.

काढलेल्या डिस्कवर घरचा सगळा डेटा तसाच असतो. वॉरंटीत परत द्यायची असेल तर ती चालू आहे तोवरच पूर्ण पुसून घ्यावी, आणि वॉरंटी संपली असेल तर तबकड्यांना आरपार भोकं पाडून मगच ई-कचऱ्यात द्यावी.