शेक्सपिअर फक्त विद्वानांसाठी? मुळीच नाही

शेक्सपिअरची नाटकं पंडितांसाठीच लिहिलेली, गाइडशिवाय ती विद्यार्थ्यांना झेपणार नाहीत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. लंडनमध्ये १५९९ साली उभ्या राहिलेल्या ग्लोब थिएटरात एक पेनी मोजली की पटांगणात उभं राहून नाटक बघता यायचं. भर दुपारी, उघड्या आभाळाखाली तिथे शिकाऊ कारागीर दाटीवाटीने उभे असत. त्यातल्या अनेकांना वाचताही येत नसे. वाचायला प्रत्येक नाटकाचं पुस्तक तरी कुठे होतं? शेक्सपिअरची जवळपास निम्मी नाटकं पहिल्यांदा छापली गेली ती १६२३ मध्ये, तो वारल्यावर सात वर्षांनी.

नटांनाही पूर्ण संहिता मिळत नसे. स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या संवादाचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच कागदाच्या गुंडाळीवर. त्यामुळे समोरच्याचं कान देऊन ऐकावंच लागायचं.

वर्गात हे जरूर करून बघा. 'मॅक्बेथ'मध्ये राजा डंकनचा खून केल्यावर मॅक्बेथ आणि त्याची बायको एकेका शब्दात बोलतात: कधी? आत्ता. उतरताना? हो. दोघा विद्यार्थ्यांना असेच सुटे कागद द्या, त्या तुटक बोलण्यातली घाबरगुंडी लगेच कळते. शब्दार्थ लागतातच, पण ते या तालमीनंतर काढावेत असं मला ठामपणे वाटतं.