७०० म्हणजे ७० टक्के नव्हेत

मायक्रोसॉफ्टच्या आयटी प्रमाणपत्र परीक्षेत १००० पैकी ७०० ला पास. म्हणून बरेच जण ७० टक्के उत्तरं बरोबर हवीत असं धरून चालतात. कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या परीक्षेची मोजपट्टी १०० पासून ९०० पर्यंत, पासिंग ७५०. तिथे सुरुवातच शून्यापासून नाही, मग टक्के कशाचे काढणार?

हे गणित आयटीच्या आधीचं आहे. अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसचे विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये गुणांच्या मोजपट्ट्यांवर एक लांबलचक प्रकरण लिहिलं. पासिंगची रेषा कुठे मारावी हा त्यातला जाता जाता आलेला मुद्दा, आणि पुढे जगभर चालली ती पद्धत तर चक्क तळटीपेत. कल्पनेचं श्रेय त्यांनी लेड्यार्ड टकर यांना दिलं.

पद्धत अशी. त्या कामातली जाणकार मंडळी बसवायची. काठावर पास होण्याइतपत येणारे १०० उमेदवार त्यांनी डोळ्यांसमोर आणायचे आणि यातल्या किती जणांना हा प्रश्न सुटेल, तो आकडा प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचा. समजा ५० प्रश्नांची सरासरी ६४ आली, तर कट-ऑफ ३२ प्रश्न. घोळ होतो तो इथेच. जाणकार स्वतः तरबेज असतात. 'हे कुणालाही येईल' म्हणत ९५ लिहून मोकळे होतात आणि रेषा वर सरकते. म्हणून आकडे एकमेकांशी ताडून, खऱ्या उमेदवारांचे निकाल समोर ठेवून दुसरी फेरी घेतात.

१९९० च्या आसपास नॉव्हेल या नेटवर्क सॉफ्टवेअर कंपनीचं सीएनई हे प्रमाणपत्र गाजलं, पाठोपाठ मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं आणि कॉम्पटियाचं ए प्लस आलं. परीक्षा सेंटरवरच्या संगणकावर, उमेदवाराला सोयीच्या दिवशी. रोज एकच पेपर ठेवला तर तो फुटणारच, म्हणून अनेक संच आले. दुसरा संच अवघड निघाला तर कट-ऑफ ३० वर येतो. पण पहिल्या संचातले ३२ आणि दुसऱ्यातले ३०, दोन्ही निकालपत्रात ७०० च दिसतात. सीईटीच्या पर्सेंटाइलशी याची गल्लत नको: तिथे तुलना इतर मुलांशी, इथे आधी मारलेल्या रेषेशी.

नवे प्रश्नही आधी पारखावे लागतात. एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या असोसिएट पातळीवरच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट परीक्षेत ६५ पैकी १५ प्रश्नांना गुणच नसतात, आणि ते कोणते हे सांगत नाहीत. चुकीला वजा गुण नाहीत, कोरा प्रश्न मात्र चूकच धरतात. तेव्हा काहीही सोडू नये.

रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. ३०० पैकी २१० ला पास. केलेली सेटिंग रिबूटनंतर टिकली नाही, तर त्या कामाचे गुण गेले.