सॅम्पल काढायच्या आधी एवढं वाचा : गोठेवाले आणि पक्षी पाळणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धंतोलीत आमची छोटी लॅब आहे, दोन खोल्या अन चार माणसं, आणि काम म्हणजे जनावरांच्या डीएनएची तपासणी, आणि जनावरांना त्रास देणाऱ्या बॅक्टेरियांची पण. रोज फोन येतात, "भाऊ, गायीचं डीएनए करून द्या." आम्ही पहिलं विचारतो, कशासाठी? कित्येकांना हा प्रश्न विचित्र वाटतो, पण खरं सांगतो, अर्धी टेस्ट याच प्रश्नात असते, कारण गाय तीच असली तरी एका प्रश्नाला शेपटीचे केस चालतात, दुसऱ्याला रक्तच लागतं आणि तिसऱ्याला दूध. चुकीचं सॅम्पल आलं की मशीन तरीही काहीतरी उत्तर देते, आणि ते उत्तर चुकीचं असू शकतं. म्हणून हा कागद.

जुळी कालवड घेता का? मग केस आणू नका

कुहीकडचे एक काका मागे पाकिटात केस घेऊन आले. जुळ्यातली कालवड विकत घ्यायची होती, दिसायला एकदम छान, भाऊ तिचा गोऱ्हा. काका म्हणाले, पुढे गाभण राहील का ते सांगा. प्रश्न एकदम बरोबर होता पण केसांवरून याचं उत्तर मिळत नाही, तेव्हा त्यांना परत पाठवून रक्त मागवलं.

कारण असं आहे की गायीच्या पोटात गोऱ्हा आणि कालवड सोबत असले तर बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात. गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीच्या अंगात येतात आणि तिचं गर्भाशय नीट तयारच होत नाही. अशा शंभर कालवडींतल्या नव्वदच्या वर वांझ निघतात. बाहेरून पाहून ओळखणं कठीण, माणूस दोन-अडीच वर्षं ढेप-कुटार खाऊ घालतो, माजावर यायची वाट पाहतो आणि शेवटी कळतं. आता हार्मोनसोबत गोऱ्ह्याच्या रक्तपेशी पण तिच्या अंगात आलेल्या असतात आणि त्या तिथेच राहतात, म्हणून तिच्या रक्तात नराचा वाय क्रोमोसोम सापडतो. केसाच्या मुळात मात्र तिच्या स्वतःच्याच पेशी, तिथे वाय नाहीच. म्हणजे केस तपासले असते तर रिपोर्ट "सगळं ठीक, मादी" असा आला असता आणि काका फसले असते. रक्तात वाय निघाला. काकांनी ती कालवड घेतली नाही.

दोन्ही कालवडीच असतील तर ही भीती नाही, त्यासाठी टेस्टचा खर्च करू नका.

ए१ की ए२

सगळ्यात जास्त विचारणा याचीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दुधात बीटा केसीन नावाचं प्रोटीन असतं, २०९ अमिनो आम्लांची एक माळ समजा, आणि ए१, ए२ हे त्याचे दोन प्रकार. त्यातल्या ६७ व्या मण्याच्या जागी ए२ मध्ये प्रोलीन असतं आणि ए१ मध्ये हिस्टिडीन. डीएनएत पाहिलं तर फरक फक्त एका अक्षराचा, सीसीटी च्या जागी सीएटी. हा जीन गायीच्या सहाव्या क्रोमोसोमवर असतो आणि एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते, म्हणून रिपोर्ट तीनच प्रकारचा येतो : ए१ए१, ए१ए२ किंवा ए२ए२. मधली असेल तर तिच्या दुधात दोन्ही प्रोटीनं असतात, आणि ए२ए२ सांडाचं सीमेन वापरलं तर तिच्या वासरांत साधारण निम्मी ए२ए२ येतील, उरलेली तिच्यासारखीच. ज्यांना पूर्ण गोठा ए२ करायचा आहे त्यांनी गायींच्या आधी सीमेनच्या स्ट्रॉवर सांडाचा रिपोर्ट विचारावा, ते स्वस्त पडतं.

आमच्या टेस्टच्या बाहेरच्या गोष्टी पण सांगून ठेवतो. ए२ए२ निघाली म्हणजे गाय देशी, असं होत नाही, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी) गाय पण ए२ए२ असू शकते. दूध किती देईल, फॅट किती लागेल, हे या टेस्टला माहीत नाही. आपली वर्धेकडची गवळाऊ असो की गीर, देशी गायींत ए२ च जास्त सापडतो. आणि म्हशीचं सॅम्पल तर आणूच नका जी, म्हशीच्या दुधात ए२ च असतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

तब्येतीच्या दाव्यांचं पण विचारता म्हणून लिहितो. ए१ पचताना सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो आणि त्याच्यामुळे आजार होतात असं खूप बोललं गेलं, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळे पुरावे तपासले तेव्हा आजारांशी थेट संबंध सिद्ध झाला नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए१-ए२ चे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. तेव्हा आमच्या रिपोर्टवर फक्त गायीचा जीन लिहिलेला असतो. "हे दूध औषधी" असं आम्ही लिहून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

याला केस चालतात. शेपटीच्या गोंड्यातले २५-३० केस, ओढून काढलेले, कैचीने कापलेले नाही. केस उजेडात धरून पाहा, टोकाला मोहरीपेक्षा बारीक पांढरट गाठ दिसली पाहिजे, डीएनए त्या गाठीत असतो, बाकी केस आमच्या कामाचा नाही. आधी शेण धुऊन शेपूट वाळू द्या. मग कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पन्नीत नाही, पन्नीत ओल धरते आणि बुरशी येते. आणि एका पाकिटात एकच गाय! एकदा असं झालं की दोन गायींचे केस चुकून एकाच पाकिटात आले, एक ए१ए१ होती आणि दुसरी ए२ए२, रिपोर्ट काय आला तर ए१ए२, म्हणजे गोठ्यात नसलेलीच तिसरी गाय कागदावर तयार झाली. मालकाचा विश्वासच बसेना, तेव्हा दोघींचे केस परत वेगवेगळे मागवून आमच्या खर्चाने टेस्ट केली.

मशीनमध्ये नेमकं काय होतं

बरेच जण काचेतून बघत उभे राहतात, त्यांच्यासाठी. गाठीतून निघणारा डीएनए इतका थोडा असतो की तो वाचायच्या आधी वाढवावा लागतो, त्याला पीसीआर म्हणतात. छोट्या ट्यूबमध्ये डीएनए, प्रायमर (कुठून वाढवायचं ते दाखवणारा डीएनएचा छोटा तुकडा), डीएनएची सुटी अक्षरं आणि एक एन्झाइम टाकायचं, ९४ डिग्रीला डीएनएचे दोन धागे सुटे होतात, ५५-६० ला प्रायमर आपली जागा शोधून चिकटतो, ७२ ला एन्झाइम नवा धागा विणतं, की एकाचे दोन झाले. परत तेच. ३० वेळा केलं की एका तुकड्याचे कागदावर १०७ कोटी होतात.

आता ९४ डिग्रीला साधं एन्झाइम मरून जातं. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिसला ही पद्धत १९८३ मध्ये सुचली (१९९३ चं नोबेल याचंच) तेव्हा सुरुवातीला दर फेरीला नवं एन्झाइम टाकावं लागायचं. सुटका केली ती एका बॅक्टेरियाने. अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या जागी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना ७० डिग्रीच्या पाण्यात मजेत वाढणारा बॅक्टेरिया सापडला, १९६९ मध्ये त्याचं नाव ठेवलं थर्मस अक्वाटिकस. आपण मे महिन्यात ४५ ला कासावीस होतो, तो ७० ला वाढतो. त्याचं टॅक एन्झाइम उकळत्याच्या जवळ नेलं तरी टिकतं, आणि आज जगभरच्या लॅब त्यावर चालतात. आमची पण. ज्यांना तो बॅक्टेरिया सापडला त्यांच्या डोक्यात गायही नव्हती अन धंदाही नव्हता, एवढ्या गरम पाण्यात जगतं कोण हेच पाहायचं होतं. हे सांगताना मला दरवेळी भरून येतं, म्हणून इथे लिहिलंच.

कासदाह : इंजेक्शनच्या आधी दूध

इथे बॅक्टेरिया मदतीला नसून समोर उभा असतो. सड सुजला, दुधात गाठी आल्या की घाईघाईत हाताशी असलेलं अँटिबायोटिक टोचलं जातं, दोन दिवसांनी फरक नाही म्हणून दुसरं, मग तिसरं, आणि मग आमच्याकडे दूध येतं. तोवर औषध दुधात उतरलेलं असतं आणि बॅक्टेरिया वाढवायच्या ताटलीत काहीच उगवत नाही. कृपा करून पहिल्या इंजेक्शनच्या आधी सॅम्पल काढा, मग डॉक्टर म्हणतील तो इलाज लगेच सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका, रिपोर्ट आला की डॉक्टर औषध बदलायचं की नाही ते पाहतील.

कासदाहात जास्त करून स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस नाहीतर ई. कोलाय निघतात. ई. कोलायला चांगलं वातावरण मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन. आम्ही तो ताटलीत पसरून त्यावर औषधाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो आणि रात्रभर ३७ डिग्रीला ठेवतो. सकाळी पाहिलं तर पूर्ण ताटलीवर दुधाच्या सायीसारखा थर, एका चकतीभोवती रुपयाएवढं स्वच्छ गोल, तिथे बॅक्टेरिया मेला, आणि शेजारच्या चकतीला थर अगदी चिकटून, म्हणजे ते औषध पाण्यासारखं. ज्यांना शक्य असेल त्यांनी येऊन ती ताटली स्वतः पाहावी. एकदा पाहिलं की औषध बदलत बसायची सवय आपोआप कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

औषध लागू का पडत नाही, तर काही बॅक्टेरियांकडे पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम असतं. १९४० मध्येच, पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी ते नोंदवलं होतं. आणि असे जीन बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या गोल कड्यावर असतात, ते एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊ शकतो, पोरांपुरतं राहत नाही, शेजाऱ्याला पण मिळतं. अर्धवट कोर्स केला की कमजोर मरतात आणि असे तगडे उरतात, मग त्यांच्याच पिढ्या वाढतात.

पीसीआरवर पण कासदाहाचं होतं आणि लवकर होतं, पण ते मेलेल्या बॅक्टेरियाचा डीएनए पण पकडतं, म्हणून इलाज झाल्यावर "गेला का" हे पाहायला आम्ही ताटलीच सुचवतो.

दूध काढताना सड धुवा, कोरडा करा, टोक स्पिरिटच्या कापसाने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या आणि मग आमच्या निर्जंतुक बाटलीत थोडं घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बाटली लॅबमधून मोफत मिळते. औषधाची धुतलेली बाटली चालत नाही, चकचकीत दिसली तरी.

गाय गाभडली तर

इथे कळकळीने सांगतो, आधी स्वतःला जपा. गाभडण्याचं एक कारण ब्रुसेला नावाचा बॅक्टेरिया असतो आणि तो माणसाला होतो, ताप येतो-जातो, सांधे धरतात, महिनोन्महिने चालतं. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना १८८७ मध्ये माल्टाला तापाने मेलेल्या सैनिकांत तो सापडला, पुढे कळलं की बकरीच्या कच्च्या दुधातून येत होता. म्हणून पडलेला गर्भ, वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, खोल पुरून वर चुना टाका, दूध उकळूनच प्या. सॅम्पल स्वतः काढू नका, पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा, ते ग्लोव्ह घालून काढतील. आम्ही हा बॅक्टेरिया वाढवत नाही, आमच्या जागेत ते सुरक्षित नाही, फक्त डीएनए पाहतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस मिळते, ती चुकवू नका.

लव्हबर्ड, कॉकाटिल नर की मादी

पक्ष्यांत उलटं असतं, मादीचे दोन क्रोमोसोम वेगळे (झेड आणि डब्ल्यू) आणि नराचे सारखे, म्हणून जेलवर (डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवणारा थर) मादीचे दोन पट्टे दिसतात, नराचा एक. छातीची तीन-चार पिसं ताजी ओढलेली लागतात, पिंजऱ्यात पडलेली नको. रक्ताचा तर कागदावर एक थेंब पुरतो, कारण पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं आणि डीएनए त्यातच असतो, गायीच्या लाल पेशीत नसतं, म्हणून गायीचं २-३ मिली मागतो आणि पक्ष्याचं थेंबभर.

देशी पोपट, म्हणजे आपला मिठू, आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो घरी ठेवणं गुन्हा आहे, त्याची टेस्ट आम्ही करत नाही.

उन्हाळा आणि पाठवणं

रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येच, हिरव्या झाकणाच्यात हेपॅरिन असतं, ते पीसीआर अडवतं. भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, हलवून फेस आणू नका. फॉर्मेलिनमध्ये तर काहीच पाठवू नका, त्यात डीएनए खराब होतो. मार्च ते जून काटोल, उमरेड, रामटेककडून एसटीने पाठवत असाल तर थर्माकोलच्या डब्यात, आइसपॅक आणि ट्यूबच्या मध्ये पेपरची घडी, आणि सकाळच्या गाडीने. दुपारच्या गाडीत बोनेटवर ठेवलेलं दूध इथे येईस्तोवर दही झालेलं असतं, एवढ्या लांबून पाठवलेलं फेकून द्यायला आम्हालाही जीवावर येतं. केसांना बर्फाची गरज नाही, ते कधीही पाठवा.

पाकिटावर किंवा ट्यूबवर जनावराचा बिल्ला नंबर, तारीख आणि तुमचा प्रश्न लिहा, पेनने नाही, मार्करने, बर्फाच्या पाण्याने शाई पसरते. शनिवारी दुपारनंतर दुधाचं सॅम्पल पाठवू नका, रविवारी लॅब बंद असते. रिपोर्ट समजला नाही तर फोन करा, नाहीतर इकडे आलात की वर या, सोबत बसून वाचू.