हवा लागल्यामुळे रक्त गोठत नाही

हवा लागली की रक्त गोठतं, असं अनेकांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. ते चूक आहे. मुका मार लागल्यावर कातडीखालीही रक्त साकळतं. तिथे हवा कुठून येणार?

गोठवणारी प्रथिनं रक्तात कायम असतात, पण निष्क्रिय. त्यांतल्या बऱ्याच प्रथिनांना ‘फॅक्टर’ आणि क्रमांक अशी नावं आहेत. रक्तवाहिनी फाटली की बाहेरच्या पेशींवरचा ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचा प्रथिनरेणू रक्तातल्या फॅक्टर ७ शी जुळतो. ही जोडी फॅक्टर १० ची साखळी ठरावीक जागी कापते. लहान तुकडा सुटतो, आकार बदलतो आणि फॅक्टर १० स्वतःच कात्री बनतो. तो प्रोथ्रॉम्बिन हे आणखी एक निष्क्रिय प्रथिन कापून थ्रॉम्बिन तयार करतो. थ्रॉम्बिनमुळे फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाचं जाळं, म्हणजे गुठळीचा सांगाडा, तयार होतोच, शिवाय तो मागे वळून फॅक्टर ५ आणि ८ या साखळीला वेग देणाऱ्या मदतनिसांनाही चेतवतो. मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं: किंचितशी सुरुवात त्यामुळेच झपाट्याने वाढते.

काचेच्या नळीत रक्त गोठतं, तेही हवेमुळे नाही. काचेच्या पृष्ठभागावर फॅक्टर १२ सक्रिय होतो.